मोजलेली चूल

"साहेब, तुम्ही कोणाला मत दिलं?"

प्रश्न कोकिळानं विचारला खरा, पण त्याच्यामागं एक अख्खं पिकलं कवठ होतं. नायब तहसीलदार शाळेत येणार, मतदानाला शाळा वापरायला दिली म्हणून चार शब्द बोलणार, हे सकाळीच कळलं होतं. तेव्हापासून शकू मागं लागली होती, "तुयात दम असन तं इच्यारून दाखव. कवठ देतो. गुळासकट." इंदूनं वर एक सुपारी पैजेला लावली होती, "नाही इच्यारत ते. मास्तरची छडी पाह्यली का मांजर होते तिचं."

तांड्यातून बोरी अरबच्या शाळेत येणारी कोकिळा ही एकटीच पोर. पंधराची झाली तरी सातवीत, कारण शाळेची पायरी चढायलाच तिला उशीर झाला होता. आधी मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि हजेरी देताना पुटपुटायची. पण औंदा दिवाळीनंतर पुस्तकातली मराठी तिच्या तोंडात अशी काही रुळली, की घरी बंजाऱ्यांची गोरबोली, रस्त्यावर वऱ्हाडी आणि वर्गात छापील, अशा तीन जिभा घेऊन ती हिंडत होती आणि एकही गप्प बसत नव्हती.

वर्ग गार पडला. हेडमास्तरांनी छडी हातात घेतली. साहेब मात्र हसले.

"मत गुप्त असतं पोरी. मी आमच्या मंडळींनाही सांगितलं नाही, आणि त्यांनी मला." पोरं हसली. साहेबांना जोर चढला. "पण विचारलंस ते बरं केलंस. मत कोणाला? जो एकवीस वर्षांचा आहे आणि या देशाचा नागरिक आहे, त्याला. परमुलखातला माणूस इथं कितीही वर्षं राहो, त्याला मत नाही. त्यानं यादीत नाव घालून घेतलं, मत टाकलं, तर तो गुन्हा. कळलं?"

'कळलं' म्हणायला कोकिळाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

मागच्याच आठवड्यात, याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलापाशी तिच्या बापाच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली होती. ती स्वतः बाहेर कडुलिंबाखाली उभी होती. बाप बाहेर आला तो बोट वर धरून, जसा काही बोटावर पोपट बसला आहे.

"साहेब," तिचा आवाज आता तिचा तिलाच ऐकू येईना, "चुकून आलं असलं नाव, तर?"

"चुकून आलं तर त्यानं आपण होऊन येऊन सांगावं. लपवलं, की मग ते चुकून राहत नाही." साहेबांनी घड्याळ पाहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शाळा सुटल्यावर शकूनं इमानानं कवठ दिलं, गूळही दिला. "जितली बाप्पा तू. मंग आता अंगावर पाल पडल्यावानी तोंड काहून केलं?"

"पोट दुखून राह्यलं."

"खाल्ल्याच्या आधीच?" इंदू म्हणाली.

कोकिळा हसली नाही. शेवटची वेचणी झालेल्या पऱ्हाट्यांमधून ती तांड्याकडे अशी निघाली, की परकराला कुसळं लागली तरी थांबली नाही.

धरमसिंग, म्हणजे तिचा बाप, या तांड्याचाच. पण इथं जन्मला नव्हता. त्याचा बाप हरिसिंग तरुणपणी दहा-बारा गडी घेऊन सिंधमध्ये सक्करला गेला होता, कालव्याच्या मातीकामावर. बैलांवर माल वाहायचे दिवस बंजाऱ्यांच्या हातून गेले होते आणि फावडं हाती आलं होतं. धरमसिंग तिकडच्या झोपड्यांत जन्मला, रुपीबाईशी त्याचं लग्न तिकडंच लागलं, आणि देशाचे दोन तुकडे झाले त्या सालात कोकिळाही तिकडंच झाली. सरहद्द आखली गेली, पण कालव्याच्या तळाशी माती खंदणाऱ्यांना ती काही दिसली नाही. दिसली तेव्हा पासपोर्टाशिवाय हलता येत नव्हतं. हरिसिंग मेला, आणि धरमसिंग बायको-पोर घेऊन, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट कमरेला बांधून, ज्याच्या नुसत्या गोष्टी ऐकल्या होत्या त्या तांड्यात येऊन उभा राहिला. तांड्याचा प्रमुख, नायक नेमसिंग, हा त्याचा थोरला चुलतभाऊ. त्यानं आपल्या चुलीतला निखारा खापरात घालून आणला आणि धरमसिंगची चूल पेटवून दिली. या तांड्यात नवं घर असंच मांडतात.

सहा वर्षं झाली होती त्याला. दर वर्षी येवतमाळला जाऊन राहायच्या परवानगीवर शिक्का मारून आणायचा, आणि अधूनमधून ठाण्याचा शिपाई येऊन माणूस जागेवर आहे का ते पाहून जायचा. या देशाचं नागरिकत्व मिळावं म्हणून तिघांचा अर्ज कलेक्टर कचेरीत पडून होता.

कोकिळा घरी पोचली तर बाजेवर तोच शिपाई.

"ए पाकिस्तान, पोरगी आली तुही," तो म्हणाला. त्याला नाव ठाऊक नव्हतं असं नाही. "काय वं, दप्तरात काय हाये? कवठ? आन इकडं."

त्यानं ते बाजेच्या पायावर आपटून फोडलं, रुपीबाईकडून मीठ मागून घेतलं आणि बोटानं गर काढून खाल्ला. "चांगली खबर घेऊन आलतो म्हणून खाऊन राह्यलो. सोमवारी येवतमाळले जाचं. कचेरीत. तुया अर्जाची तपासणी हाये. कागद सारे घेऊन जाय. बायकोचं, पोरीचं काम नाही."

"बरं जमादार," धरमसिंग म्हणाला. तो उकिडवा बसला होता आणि हे ऐकून डावा हात हळूच धोतराच्या सोग्यात गेला होता.

"सा वर्सं वाट पाह्यली अन् नुसतं बरं? लोकं पेढे देतात."

शिपाई गेल्यावर कोकिळानं एका दमात सारं सांगितलं. रुपीबाईचं पीठ परातीत मळायचंच राहिलं. धरमसिंगनं कवठाच्या रिकाम्या करवंट्या गोळा केल्या.

"पण नाव तं छापून आलं," तो म्हणाला. "माहं नाव, खाली माया बापाचं नाव. सरकारच्या कागदावर. मी समजलो, अर्ज पास झाला म्हणूनच छापलं." मग हळूच, "मी लय खुश झालतो वं, छोरी."

"तू देल्लतं का नाव, बा?"

"मी कायले देतो? यादीवाले आले त्या पावसात मी तं पुंडलिकरावच्या वावराच्या धुऱ्यावर माती टाकून राह्यलतो."

नाव कुणी दिलं हे शोधायला लांब जावं लागलं नाही. तांड्याच्या मधल्या लिंबाखाली नायक चिलीम भरत होता. धरमसिंगनं विचारलं तसं त्यानं चिलीम खाली ठेवली.

"मी देल्लं. म्हणजे कोण देणार? पावसाळ्यात ते यादीवाले मास्तर आले. चिखल गुडघ्याइतका. घरोघर काय फिरते बिचारे? अठीच बसले, चहा पेले, म्हणले नायक, तुमीच सांगा. मी चुलीगणिक घरच्या गड्याचं नाव सांगतलं. हे खालच्या बाजूनं धरून थेट वरल्या चुलीपर्यंत. येका दमात."

"पण भाया, मी अजून तिकडचा हावो. कागदावर."

"कागद नाही इच्यारला त्याइनं. एकवीसच्या वरतं कोण, येवढंच इच्यारलं. अन् समज, मी तुही चूल सोडून देली असती, तं? अख्ख्या तांड्यात बोंब झाली असती, नायकानं हरिसिंगच्या पोराले बाहेर काढलं म्हणून. चूल मोजली नाही म्हणजे काय होते, माहीत हाये ना तुले?"

धरमसिंगला माहीत होतं. न मोजलेल्या चुलीला कुणी विस्तव देत नाही, होळीला त्या घरचा माणूस लेंगीची गाणी म्हणायला रिंगणात येत नाही, मेलं तर खांदा शोधावा लागतो. त्यानं आपल्या काळ्या रेघेच्या बोटाकडं पाहिलं.

"मंग आता?"

"आता काय? बोटाले फडकं बांध. ठेचलं म्हण. विहीर खंदणाऱ्याचं बोट नाही ठेचन तं कोणाचं?" नायकानं चिलीम पेटवली. "अन् माहं नाव तठी काढू नको. या तांड्याचा नायक चुकला, असं कोण्या कचेरीत आजपर्यंत म्हटल्या गेलं नाही."

कोकिळा बापाच्या मागं उभी होती. तिच्या तिन्ही जिभा टाळूला चिकटल्या होत्या.

त्या दिवसांत धरमसिंग पुंडलिकरावांच्या मळ्यात विहीर खंदत होता. रुपीबाई टोपलं भरून मुरूम वर आणायची, आणि शाळेआधी नि शाळा सुटल्यावर कोकिळाही डोक्यावर चुंबळ ठेवून आईच्या, तिच्या याडीच्या, मागं विहिरीचे पायटे चढायची. फाल्गुनाचं ऊन लागायला लागलं होतं. खाली मात्र मुरमाचा गारवा होता आणि लोखंडी सब्बल पडली की छातीत वाजायचं.

तो आठवडा विहिरीचा नव्हता, बोटाचा होता. सकाळी उठला की धरमसिंग राखेनं बोट घासायचा. मग लिंबू. मग कुणी सांगितलं म्हणून रुईचा चीक लावला, तर कातडी सोलून लाल झाली आणि काळी रेघ उलट उठून दिसायला लागली. कातडीवरची शाई गेली; नखाच्या मुळाशी शिरलेली काही जाईना. तो विटकरीच्या तुकड्यावर नख घासायचा, थुंकी लावून पाहायचा, पुन्हा घासायचा. जेवायला बसला की डावा हात पाठीमागं. रुपीबाई पाणी ओतायची तेव्हा तिची नजर आधी त्या नखावर जायची आणि मग तांब्याकडं.

एकदा पुंडलिकराव विहिरीच्या काठावर येऊन उभे राहिले. धोतराचा सोगा धरून त्यांनी खाली डोकावलं.

"धरमसिंग, पाणी लागलं तं कोण्या देशाचं समजाचं रे?"

काठावरचे दोन गडी हसले. एरवी धरमसिंगही हसायचा. 'पेऊन पाहा, रावसाहेब, खारट लागलं तं तिकडचं' असं काहीतरी म्हणायचा. आज त्यानं नुसती सब्बल हाणली.

"रागावलं की काय पाकिस्तान?" पुंडलिकराव म्हणाले. "गंमत केली बुवा. येवतमाळले बोलावलं म्हणतात तुले. होऊन जाईन काम. मतबी टाकलं ना यंदा?"

सब्बल मुरमात रुतून राहिली. कोकिळा टोपलं घेऊन पायट्यांवर होती. तिचा पाय सटकला, थोडा मुरूम बापाच्या पाठीवर सांडला. त्यानं तो झटकलाही नाही.

"टाकलं," धरमसिंग म्हणाला. खोटं बोलायचं तर त्याला जागाच उरली नव्हती. अख्ख्या बोरीनं त्याला वर धरलेल्या बोटासकट पाहिलं होतं.

हे कोकिळाच्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं. फडक्यानं एक बोट झाकता येईल. गावाचे डोळे कशानं झाकायचे?

रविवारी दुपारी विहिरीत काळा पत्थर लागला. पुंडलिकरावांचे गडी बाजाराला गेले होते. कोकिळा वर मुरूम ओतून आली आणि काठावरून खाली पाहिलं, तर काम थांबलेलं. धरमसिंग पत्थरासमोर गुडघे टेकून बसला होता. डावा हात पत्थरावर पसरलेला, चार बोटं मुडपलेली, एकच पुढं. रुपीबाईच्या दोन्ही हातांत घण.

"डोळे मिट अन् मार," तो म्हणत होता. "नख फुटलं पाह्यजे, बस. हाडाले नाही लागत."

"मले नाही जमत."

"माया हातानं मी मारून पाह्यलं दोनदा. हात आपोआप सरकते. तू मार."

रुपीबाईनं घण उचलला. तिच्या मनगटातल्या बलिया बांगड्या खाली घसरून कोपराशी वाजल्या. कोकिळाला ओरडायचं होतं, पण विहिरीत ओरडलं तर घण भलतीकडं पडेल हे तिला त्या क्षणीही कळलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

घण पडला. पत्थरावर, बोटापासून वीतभर दूर. ठिणगी उडाली आणि घुमारा चारी भिंतींना लागून वर आला.

रुपीबाईनं घण टाकून दिला आणि मुरमातच बसली. "तुया बापाचे दोन बोटं सक्करच्या कालव्यात गेले," ती म्हणाली. "तठी एका देशाले बोटं देल्ले, आता या देशाले बी द्याचे का? किती बोटं लागतात, कोकीचे बा, माणसाले आपल्या घरी राहासाठी?"

धरमसिंगनं हात पत्थरावरून उचलला नाही. तो रडत होता की घाम होता, काठावरून कळत नव्हतं.

कोकिळा खाली उतरली नाही. डोक्यावरची चुंबळ काढून तिनं मुरमाच्या ढिगावर ठेवली आणि तांड्याची वाट धरली. चालता चालता ती पळायला लागली.

लिंबाखाली नायकाबरोबर तिघं-चौघं म्हातारे बसले होते. नायकाची बायको मानीबाई जरा पलीकडं ज्वारी पाखडत होती. पोरीबाळींनी म्हाताऱ्यांच्या बैठकीत जायचं नसतं. कोकिळा गेली. परकरावर मुरूम, केस सुटलेले, धाप लागलेली. या वेळी कुणी कवठ कबूल केलेलं नव्हतं.

"काका, एक इच्यारू?"

"इच्यार."

"आमची चूल मोजली, ते माया बाले इच्यारून मोजली का?"

एक म्हातारा खोकला. मानीबाईचं सूप थांबलं.

"छोरी," नायक म्हणाला, "चुली इच्यारून मोजत नसतात. थे नायकाचं काम हाये. कोणं शिकोलं तुले हे? शाळेनं?"

"मंग माया बानं नाव घालून घेतलं नाही. तुमी मोजलं. हे उद्या साह्यबापुढं सांगाले तुमी चाला."

"म्हणजे कचेरीत जाऊन मी चुकलो म्हणू?" नायकाचा आवाज चढला नव्हता, पण चिलीम धरलेला हात थांबला होता. "तुया बापाची चूल मी पेटोली. त्याचा हा हिसाब का?"

कोकिळानं परकरावरचा मुरूम झटकला.

"चुकलो नका म्हणू, काका. मोजली म्हणा. खरं हाये तेवढंच. आमच्या तांड्यात नायक चुली मोजते, अन् हरिसिंगच्या पोराची चूल सोडली असती तं पाप झालं असतं, असं म्हणा. बाकी थे साह्यब पाह्यतीन."

लिंबाची पिवळी पानं बैठकीवर गळत होती. एक नायकाच्या पागोट्यावर पडलं आणि तिथंच राहिलं.

"तो खाली विहिरीत बोट फोडून राह्यला," कोकिळा म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "याडीच्या हातानं."

नायकानं तिच्याकडं पाहिलं, मग म्हाताऱ्यांकडं, मग चिलमीत. चिलीम विझली होती. "घरी जाय," तो म्हणाला.

ती निघाली तेव्हा मागून मानीबाईचा आवाज आला, नवऱ्याला काहीतरी दबक्या आवाजात, गोरबोलीत. शब्द ऐकू आले नाहीत. सूप मात्र पुन्हा सुरू झालं नाही.

दिवस कलला तसे आई-बाप मळ्यातून आले. धरमसिंगनं फडकं बांधलंच होतं, रुपीबाईच्या जुन्या फेटिया घागऱ्याच्या काठाचं, लाल, बोटाहून तिप्पट जाड. आत बोट साबूत होतं. रुपीबाईनं चूल पेटवली. धरमसिंग पासपोर्ट, परवानगीचे कागद, अर्जाची पावती असं एकेक पिशवीत घालत होता आणि पुन्हा काढून पाहत होता.

"ठेचलं म्हणीन," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखा म्हणाला. "पत्थर लागला, ठेचलं. इच्यारलंच नाही तं प्रश्नच नाही."

"अन् इच्यारलं तं?" रुपीबाई म्हणाली.

त्यानं पावती पुन्हा पिशवीत घातली. अर्ज नामंजूर झाला तर परत जायचं, हे त्या घरात कुणी तोंडानं कधी म्हणत नसे. परत म्हणजे कुठं? सक्करच्या झोपड्या कधीच्या मोडल्या होत्या. तिकडं त्यांचं असं हरिसिंगच्या राखेशिवाय काही उरलं नव्हतं, आणि तीही कालव्यानं नेली होती.

कोकिळा उंबऱ्यात उभी होती. लिंबाखाली आता कुणी नव्हतं. नायकाच्या दारात मानीबाई वाकून काहीतरी करत होती. नायकाचं पांढरं पागोटं धुऊन दोरीवर टाकलेलं होतं. उद्यासाठी धुतलं की सहज, कोण जाणे. कोकिळा त्याच्याकडं बराच वेळ पाहत राहिली. मग आत आली, बापासमोर बसली आणि त्याचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला.

"उद्या येवतमाळले मी बी येतो," ती म्हणाली.

"तुले नाही बोलावलं. जमादार म्हणला ना, बायको-पोरीचं काम नाही."

"अर्जात माहं बी नाव हाये, बा. याडीचं बी हाये. जाचं तं तिघाइनं जाचं." ती फडक्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती. तिनं दात लावले. धरमसिंगनं हात मागं ओढला, मग ढिला सोडला. फडकं उलगडत मांडीवर पडलं, आणि चुलीच्या उजेडात ते सोललेलं, रेघ उमटलेलं बोट उघडं झालं. "साह्यबानं इच्यारलं तं बोट मी दाखोतो. नाही इच्यारलं तरी मीच दाखोतो. नाव कसं आलं, कोणं मोजलं, तू काय समजला, सारं मी सांगतो, पुस्तकातल्या मराठीत, येक बी अक्षर न गाळता. नायककाका आले तं त्याइच्या संगं, नाही आले तं त्याइच्या बिगर."

रुपीबाई चुलीपुढून वळून पाहत होती. हातावर थापायला घेतलेला पिठाचा गोळा तसाच होता.

"अन् याडी," कोकिळा म्हणाली, "भाकरी चवघाइच्या बांध. नायककाका नाही आले, तं त्याइची मी खाईन."